मैंदर्गीचं पान

आमच्या मंडळाला अजून नाव नाही. नाव काय ठेवायचं यावरून पहिल्याच बैठकीत कडाक्याचं भांडण झालं आणि त्या भांडणातली एक बाजू मी एकटीच लढवत होते, त्यामुळे ते मिटण्याचा प्रश्नच नव्हता. तरी आम्ही महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, जुळे सोलापुरात एका शिकवणीच्या वर्गाच्या वरच्या खोलीत जमतो. ज्यांच्या कानात मोडेमचा तो किरकिराट अजून वाजतो अशी ही माणसं. फोनची तार लावायची, ते यंत्र खरखरणार, शीळ घालणार, मग एकदम गप्प होणार आणि पडद्यावर कुठल्या कुठल्या देशातलं पान वरून खाली एकेक पट्टी उतरू लागणार. माझं स्वतःचं नेटकॅफे होतं. त्या पट्ट्या बघायला माणसं रांग लावायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता आमच्यात कोण कोण, तर एक साहेब. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पण खुर्चीतून अजून न उठलेले. बैठक ते चालवतात. दुसरे अण्णा. घर विणकरांचं, बोली तेलुगू, पण धंदा लग्नपत्रिकांचा. अर्ध्या शहराची लग्नं त्यांच्या छापखान्यातून गेली असं ते म्हणतात आणि मोडलेल्या लग्नांचा विषय काढला की चहा मागवतात. तिसरे भाई. जुने संगणक दुरुस्त करणारे. भंगारातून हार्ड डिस्क आणायची आणि ती फिरायला लागली की लेकरू बोललं असा चेहरा करायचा, हा त्यांचा छंद. आणि चौथी मी, जिला गप्प बसता येत नाही. येणारे-जाणारे आणखी दोघे-चौघे असतात, पण कणा आमचा चौघांचा.

त्या रविवारचा विषय साहेबांनी फळ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला होता: जुन्या इंटरनेटचं भवितव्य. म्हणजे त्या काळात लोकांनी घरबसल्या, हौसेनं केलेली पानं. कुणी गावाची माहिती टाकली होती, कुणी कविता, कुणी नुसता कुत्र्याचा फोटो. फुकट जागा देणाऱ्या कंपन्या आता एकेक करून दुकान गुंडाळतायत आणि ती पानं पुसली जातायत. ती जपायची का, कशी, कुणी, यावर साहेब बोलणार होते. हातात कागदांची चांगली जाड चळत होती.

मी मात्र त्यांना विरोध करायचा असं घरूनच ठरवून गेले होते. मला जुनं म्हणून काही प्रिय नाही. ज्याचं त्याचं पान, ज्याचा त्याचा जीव. गेलं तर गेलं, रडत काय बसायचं? असं ठणकावून सांगायचं आणि साहेबांचा चेहरा कसा होतो ते बघायचं, एवढा माझा साधा बेत होता.

साहेबांनी घसा खाकरला आणि दारात एक बाई उभी राहिली. तिशी-पस्तिशीची, सरकारी दवाखान्यात नर्स, रात्रपाळी करून तशीच आलेली. भाईंनी तिच्या दवाखान्यातला संगणक दुरुस्त केला होता, तेव्हा त्यांनीच तिला आमचा पत्ता दिला होता.

"माजं एक पान हाय," ती म्हणाली. "म्हंजे माज्या वडलांचं. ते वाचता येत न्हाय. तुमी वाचून द्याल का?"

"विषयाला धरून आहे," साहेब म्हणाले, आणि पुन्हा कागदाकडे वळणार तेवढ्यात मी तिला पुढची खुर्ची दिली. साहेब मला काय वाटेल ते म्हणोत, बाई दमलेली होती.

तिची हकिगत तिनं उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली होती, ती बसल्यावर पुरी केली. गाव मैंदर्गी. घरी मेंढरं. वडील मात्र शाळेत मास्तर झाले. त्यांची बहीण, म्हणजे हिची आत्या, ओव्या म्हणायची. त्यातली एक लांबलचक ओवी, हरवलेल्या कोकराची, मास्तरांना फार आवडायची. इंटरनेट नवीन आलं तेव्हा मास्तर एस.टी.नं सोलापूरला आले, ती ओवी टाईप करून घेतली आणि पान करून टाकलं. गावात कुणाकडे संगणक नव्हता, पण पानाचा पत्ता ते भेटेल त्याला सांगत सुटायचे. त्यामुळे पोरीला तो पाढ्यांसारखा पाठ झाला होता. मास्तर आता नाहीत. आत्या आहे, पण गेल्या वर्षी तिला झटका आला आणि ओवी मध्येच तुटली.

"रोज म्हनती," बाई म्हणाली. "सकाळी उटली की सुरू करती. दोन ओळी म्हनती आणि थांबती. फुडचं येतच न्हाय. मग मला विचारती, फुडं काय गं? मला कुटं येतंय? मग रडती. जेवत न्हाय. दुसऱ्या दिवशी परत तेच."

तिनं त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. चाल न लावता, नर्स औषध सांगते तशा.

*माळाच्या वाटेला, मेंढ्या निघाल्या चराया,*
*मागं राहिलं कोकरू, कोन जाईल आनाया…*

"हितं थांबती," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, थांबायला जागा तरी कुठली शोधली बघा. प्रश्न विचारून थांबायचं, आणि उत्तर हरवलेलं. माझा विरोधाचा बेत तिथंच ढिला पडला, पण हे मी साहेबांना कळू दिलं नाही.

तिनं पाठ असलेला पत्ता सांगितला आणि भाईंनी ते पान प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवलं. आधी ते उतरवून आपल्याकडे ठेवून घेतलं, उद्या कंपनीनं पुसलं तर पुसलं. भिंतीवर नुसता कचरा होता. इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, टोप्यांसारख्या खुणा, टिंबं, मध्येच एखादा फुलीचा आकार. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा संगणकाला मराठी येतच नव्हतं. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. आत इंग्रजी डी ठेवायचा आणि दिसायला क काढायचा. ज्याच्याकडे तो फॉन्ट, त्याला मराठी दिसणार. ज्याच्याकडे नाही, त्याला डॉलर आणि टोप्या. आणि प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा.

"सोपं आहे," मी म्हटलं. "फॉन्ट कुठला ते कळलं की काम झालं."

पानाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ होती, ती मात्र शाबूत होती. टाईप कुठं केलं त्या दुकानाचं नाव. अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला आणि खुर्चीवरून उडालेच.

"अरे, हे आमचंच की! माझ्या छापखान्यात झालंय हे! मास्तर… टोपीवाले मास्तर! हो हो, पेढे घेऊन आले होते!"

खोलीत एकच गलका झाला. बाईचे डोळे लकाकले. साहेबांनीसुद्धा कागद खाली ठेवले. मी अण्णांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, काढा तुमचा फॉन्ट. अण्णांचा चेहरा हळूहळू असा उतरला की मला वाटलं ह्यांनाही झटका येतोय.

झालं होतं असं. अण्णांच्या समोरच दुसरा छापखाना होता. तो अण्णांच्या टाईप करणाऱ्या माणसाला चहा पाजून फ्लॉप्या पळवायचा आणि अण्णांचे मजकूर आयते छापायचा. अण्णांनी त्यावर उपाय काढला. फॉन्ट उघडला आणि आतली अक्षरं इकडची तिकडे करून टाकली. क च्या जागी प, प च्या जागी ल, जसं मनाला येईल तसं. फ्लॉपी चोरली तरी समोरच्याला शिव्यांची पत्रिका मिळणार. अण्णांचा छापखाना जिंकला. पुढं ती मशीन भंगारात गेली, फॉन्टही गेला, आणि कुठलं अक्षर कुठं टाकलं होतं ते अण्णांच्या डोक्यातूनही गेलं.

"कायकू किया जी ऐसा?" भाई कळवळून म्हणाले.

"मला काय माहीत मास्तरांची ओवी यायची आहे म्हणून!" अण्णा ओरडले.

मी भडकले. मी भडकले की मला सुचतं, ही माझी जुनी खोड आहे. मी फळ्यावरचा साहेबांचा विषय पुसला (साहेब "अहो, अहो" म्हणाले) आणि म्हटलं, "अण्णा, तुमच्या पत्रिकेत पहिली ओळ काय असते?"

"देवाची."

"मास्तर माणूस देवाचं नाव वर घातल्याशिवाय काही लिहील का?"

कोणीच नाही म्हणेना. आपल्याकडे वाणसामानाच्या यादीवरही श्री येतो. बाईच्या दोन ओळी हाताशी होत्या, पण मास्तरांनी त्या बोलीत लिहिल्या की पुस्तकी मराठीत, हे कुणाला ठाऊक नव्हतं; देवाचं नाव मात्र एकाच तऱ्हेनं लिहितात. पानावर पहिली ओळ वेगळी, मधोमध, छोटी होतीच. तो देव कळला तर त्यातली अक्षरं कळणार. त्या अक्षरांनी पुढचे शब्द अर्धे उघडणार, अर्ध्यांवरून उरलेले. शब्दकोडं सोडवतात तसं. मला इतका आनंद झाला की मी खडू मोडला.

"देव कुठला, हे काय विचारायचं?" साहेब म्हणाले. "श्री सिद्धेश्वर प्रसन्न."

सगळ्यांनी मान डोलावली. सोलापुरात दुसरं काय असणार? अण्णांनी तर आयुष्यभर हीच ओळ छापली होती. फॉन्टात एकेक अक्षर तुकड्यांनी बनायचं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, त्यामुळे मोजणी जराशी इकडेतिकडे व्हायची, पण तुकडे साधारण जुळलेसुद्धा. आम्ही लागलो कामाला. मी फळ्यावर, भाई संगणकावर, अण्णा मागून "स पक्का, स पक्का" असं बजावत. स बसवला, द्ध बसवला, श्व बसवला. खालच्या ओळींत शब्द उमटायला लागले आणि ते असले भयंकर होते की बोलायची सोय नाही. "वसिद्धरे" असा एक आला. साहेब म्हणाले, जुना शब्द असेल. मी म्हटलं, साहेब, मेंढ्या राखणारी बाई वसिद्धरे म्हणणार नाही. दुसरा चहा आला. भाईंनी अक्षरं फिरवून पाहिली. वाद वाढला. अण्णांना आता त्यांच्या समोरच्या छापखानेवाल्याबद्दलही कळवळा वाटायला लागला होता.

बाई मघापासून काहीतरी म्हणत होती. आम्ही तिला "थांबा, होतंय, होतंय" म्हणत होतो. शेवटी ती उठून फळ्यापाशी आली.

"सर, आमी मैंदर्गीचे," ती म्हणाली. "तितं सिद्धेश्वर कुटला? आमच्या घरात बिरोबा. पप्पांनी मीटर बंद पडल्याचा अर्ज लिवला तरी वर श्री बिरोबा प्रसन्न लिवायचे."

चार सोलापूरकरांनी आपला देव दुसऱ्याच्या माथी मारला होता. मी पहिल्या ओळीकडे पाहिलं. बिरोबा. ब दोनदा येणार. आणि पहिल्या ओळीत एक फुली खरंच दोनदा बसली होती, आम्हा आंधळ्यांच्या नाकासमोर!

"फुली म्हणजे ब!" मी किंचाळले. खालून शिकवणीचा वॉचमन वर येऊन बघून गेला.

त्यानंतर जे झालं ते मला नीट क्रमानं सांगता येणार नाही, कारण सगळेच एकदम बोलत होते. ब आला, र आला, प आणि स आणि न आले. साहेब म्हणाले, मजकुराची शेवटची ओळ बघा, सरकारी सवयीच्या माणसानं खाली पत्ता दिलाच असणार. साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून शाबासकी दिली. खाली तसाच तीन तुकड्यांचा मजकूर होता: मैंदर्गी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर. म, द, ग, क, ट, ल, ज अशी अक्षरं रांगेनं पदरात पडली. अक्कलकोटातला जोड क तर हातात हात घालून उभा होता. भाई एकेक अक्षर बदलत होते आणि भिंतीवरचे डॉलर गळत होते, टोप्या गळत होत्या, त्या जागी "मेंढ्या" आलं. नुसतं मेंढ्या. अण्णा लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. मग "कोकरू." मग बाई भिंतीपाशी सरकली, कारण तिला पाठ असलेल्या दोन ओळी जशाच्या तशा भिंतीवर उभ्या होत्या आणि त्यांच्या खाली तिला पाठ नसलेल्या ओळी उघडत होत्या.

सांगायला लाज कसली, मला रडू येत होतं आणि हसूही. नेटकॅफेत पहिलं पान उतरताना जे वाटलं होतं, ते पुन्हा कधी वाटायचं नाही असं मी धरून चालले होते, आणि आता तेच वाटत होतं.

बाईनं गावी व्हिडिओ कॉल लावला. तिच्या वहिनीनं उचलला आणि फोन आत्यासमोर धरला. अंगणात बसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं, पण डोळे असे की मला सावरून बसावं लागलं.

"आत्या," बाई म्हणाली, "ती कोकराची म्हन की."

"न्हाय येत मला," आत्या म्हणाली.

"म्हन तर."

आत्यानं सुरू केलं. आवाज बारीक, पण चाल पक्की. माळाच्या वाटेला. मेंढ्या निघाल्या. मागं राहिलं कोकरू, कोन जाईल आनाया. आणि थांबली. तिच्या ओठांची ती धडपड सुरू झाली, जी बाई रोज बघत होती आणि आम्ही पहिल्यांदा बघत होतो. बाईनं भिंतीकडे बघून पुढची ओळ म्हटली.

*सासरा म्हनी सुने, माजं थकलं गं पाय…*

आत्याचा चेहरा बदलला. "हौद, हौद!" ती एकदम कानडीत म्हणाली, हो हो म्हणून, आणि बाईच्या हातून ओळ हिसकावून घ्यावी तशी पुढं निघाली.

*काठीच्या आधारानं रान गाठायाचं न्हाय.*
*दीर म्हनी वयनी, म्होरं निघाली मेंढरं,*
*एका कोकरासाटी कुटं सोडू गं बकरं.*

भिंतीवरचं पान इथं संपत होतं. त्याखाली आपला नम्र, मैंदर्गी, तालुका, जिल्हा. अण्णांनी डोळे पुसले, भाई नुसते मान हलवत होते. आम्ही सगळे आता थांबेल, आता थांबेल म्हणून आत्याकडे बघत राहिलो. आत्या थांबली नाही. तिनं श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली.

*पदर खवला मी, न्हाय कुनाला पुसलं…*

"आत्या," बाई चमकून म्हणाली, "हे पप्पांनी लिवलेलं न्हाय की!"

"त्याला कुटं म्हायती?" आत्या म्हणाली. "बापय मानसाम्होरं दिरापतूरच म्हनायचं. फुडचं बायकांचं हाय. तितं कोन कोन बसलंय गं?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी खोलीकडे पाहिलं. साहेब, अण्णा, भाई, तिघे माना पुढं काढून बसलेले. मी दार उघडून दाखवलं. साहेब काही बोलणार होते, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून मुकाट्यानं उठले. अण्णा, भाई त्यांच्या मागून. तिघे जिन्यात जाऊन उभे राहिले आणि मी दार लावलं. भाईंनी जाता जाता आवाज नोंदवायचं बटण दाबलं होतं, ते मी आत्याच्या डोळ्यांदेखत बंद केलं. तिला विचारल्याशिवाय नाही.

"आता आमी दोगीच हाय," बाई म्हणाली.

आत्या म्हणत गेली. मी संगणकापुढे बसले आणि तिच्या चालीच्या मागं मागं टाईप करत राहिले, आता कुठल्याही फोनवर वाचता येतं त्या मराठीत. काट्याच्या जाळीमंदी कोकरू मला दिसलं. मग रात्र पडली, मग लांडग्याचे डोळे, मग कोकरू पोटाशी धरून ती एकटी माळ ओलांडते. लांब ओवी होती. एकदाही ती अडली नाही. शेवटी दम लागला तशी थांबली, पाणी मागितलं, आणि वहिनीला म्हणाली, भाकरी हाय का गं.

बाई फोन धरूनच रडायला लागली. मीच मग फोन घेतला.

"आत्या, मी हे सगळं लिहून घेतलंय," मी म्हटलं. "पण नेटवर टाकलं तर पुरुषही वाचतील. टाकू का नको, तुम्ही सांगा."

आत्यानं मला एकदा नीट न्याहाळलं. मग तिच्या वाकड्या झालेल्या तोंडावर हसू आलं.

"वाचू दे की," ती म्हणाली. "कोकरू कुनी आनलं, ते कळू दे त्यास्नी बी."

मी उठले आणि जिन्याचं दार उघडलं.